वीस एकरांचा संदर्भ

"पोराला वीस एकर बागायत हाय," मच्छिंद्रराव म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

"संदर्भ?"

हे विचारलं बेबीनंदाने. ती नववीत होती आणि तिच्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. जिला पाहायला पाहुणे आले होते ती आशामती, तिची थोरली बहीण, सतरंजीवर पदर सावरून बसली होती. मच्छिंद्रराव हे नवरदेवाचे चुलते. सोयरिकीच्या बैठकीत त्यांना आजवर 'अजून थोडे पोहे घ्या' यापलीकडे कुणी काही म्हटलं नव्हतं.

"काय म्हणली पोरगी?"

"संदर्भ, काका. म्हंजे कशावरून? दुसऱ्या कुणी बघितली हाय, का तुमी सांगून राह्यलात म्हणून हाय?"

नवरदेव बद्रीनाथला पोह्यांचा ठसका लागला. आशामतीने खाली घातलेली मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. ठसका हसण्याचा होता. पण मच्छिंद्ररावांनी बशी खाली ठेवली होती, आणि भरली बशी खाली ठेवणारा पाहुणा पुन्हा बसत नसतो. पाच मिनिटांत जीप गेली. अर्धवट पोह्यांच्या सहा डिशा मागे राहिल्या.

"तुला हे कुणी शिकवलं गं?" काकासाहेबांनी, म्हणजे पोरींच्या वडिलांनी विचारलं.

"बागल सरांनी."

काकासाहेबांनी चपला घातल्या.

रामकिसन बागल धोंडपिंप्रीच्या शाळेत १९८१ सालापासून इतिहास-भूगोल शिकवत होते. सव्वीस वर्षं प्रत्येक तास संपताना ते विचारत, "काही शंका?" आणि सव्वीस वर्षं वर्ग एका सुरात सांगे, "न्हाई सर." सरांना सुरुवातीला वाटायचं, आपण फार छान शिकवतो. नंतर त्यांनी मुद्दाम एकदा गोदावरी काश्मिरात उगम पावते असं शिकवलं. तरीही "न्हाई सर." गोदावरी तिथून चार कोसांवर वाहत होती.

मग शाळेला कॉम्प्युटर मिळाला. त्याला टेलिफोनची तार जोडली की इंटरनेट चाले आणि हेडमास्तरांचा फोन बंद पडे, त्यामुळे तार फक्त शनिवारी जोडत आणि त्या दिवशी हेडमास्तर जरा निवांत असत. एका शनिवारी सरांना त्यात विकिपीडिया सापडला. ज्ञानकोश, तोही मराठीत, आणि कुणीही यावं, लिहावं, दुरुस्त करावं. सर तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी नववीच्या वर्गाला सांगितलं, "आपल्या गावाचं पान न्हाई त्याच्यात. तुमी लिहायचं, दर शनिवारी. एकानं एक वाक्य. पण अट एकच. वाक्य खरं कशावरून, ते बाकीच्यांनी इचारायचं. ज्याला सांगता येणार न्हाई त्याचं वाक्य पुसायचं."

फळ्यावर पहिलं वाक्य आलं, 'आमचे गाव निसर्गरम्य आहे.' वर्गाने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि ते पुसलं. दुसरं होतं, 'गावात सर्व लोक गुण्यागोविंदाने राहतात.' हे पुसायला तर डस्टरही लागलं नाही, सगळे नुसते हसले. महिनाभर खपून चौदा वाक्यं टिकली. त्यातलं एक, 'गावात सात हातपंप आहेत व त्यांपैकी दोन चालतात', हे पोरांनी सातही हापसून पाहून लिहिलं होतं.

अडचण अशी झाली, की शनिवारची सवय रविवारी सुटेना. दुकानदार म्हणाला खारी आजचीच आहे, तर पोरं म्हणत, "संदर्भ?" कंडक्टर म्हणाला मागून रिकामी गाडी येतेय, तर सगळा थांबा एका सुरात "कोण म्हणलं?" सव्वीस जानेवारीला सरपंचांनी भाषणात गावाचा कायापालट केल्याचं सांगितलं आणि पाचवीतल्या एका पोराने हात वर केला. नववीचं लोण पाचवीपर्यंत गेलं हे पाहून बागल सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदाने.

आणि आता काकासाहेब शाळेच्या व्हरांड्यात उभे होते.

"सर, तुमी भूगोल शिकवा ना. तिकडचं अमेरिका-आफ्रिका शिकवा. माझ्या घरात कशाला आले?"

"मी कुठं आलो काकासाहेब? बेबीनंदा आलीय."

"ती माझीच हाय!"

"मंग झालं की. तिचा प्रश्न काय चुकीचा व्हता?"

"प्रश्न बराबर हाय, सर. टायम चुकीचा हाय. पोहे संपू द्यायचे ना!"

हेडमास्तर गिरिधर कुलकर्णी यांना कुठलाही वाद मिटवायला एकच उपाय माहीत होता: ज्यावरून वाद, ती गोष्ट बंद करणे. ते म्हणाले, "बागल, पुढच्या शनिवारपर्यंत ती सोयरीक जुळली तर ठीक. नाहीतर शनिवारचा तास बंद आणि त्या खोलीला कुलूप. शेवटी समाजात राहायचंय आपल्याला."

त्या आठवड्यात सरांनी वर्गात कुणाकडे नीट पाहिलं नाही. मुलांनी विचारलं, "सर, तास बंद व्हनार म्हणतेत, खरं का?" सर म्हणाले, "खरं." हे एकच वाक्य असं होतं, की ज्याला कुणी संदर्भ मागितला नाही.

शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानात ट्रॅक्टर शिरला. चालवत होता बद्रीनाथ. मागे ट्रॉलीत, गोणपाटावर, एक म्हातारी मांडी घालून बसली होती.

"ती इचारणारी कोण हाय?" म्हातारीने वरूनच आवाज दिला. "मी झुंबरबाई. ह्याची आजी. मच्छिंद्र आठ दिवस झाले घरात फुगून बसलाय. म्हणतो पोरीनं इज्जत काढली. मी म्हणलं, येड्या, तिनं जमीन इचारली, तू इज्जत का दाखवून राह्यला? चला, बसा समदे. मोजून घ्या."

हेडमास्तरांनी हजेरीपटात 'क्षेत्रभेट' असं लिहिलं. नववीचा वर्ग, बागल सर, ट्रॅक्टर पाहून धावत आलेले काकासाहेब आणि काकासाहेबांना न विचारता आशामती, असे सगळे ट्रॉलीत बसले. बद्रीनाथचं नदीकाठचं कुरणवाडी गाव शहागडच्या अलीकडे होतं.

मोजणीला टेप नव्हता. बद्रीनाथने बैलाचा लांब कासरा आणला, गणित बरं असलेल्या पोरांनी फूटपट्टीने मोजून त्याला तेहेतीस-तेहेतीस फुटांवर गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे गुंठ्याची एक बाजू. कासऱ्याचं एक टोक बद्रीनाथने धरलं. दुसरं टोक धरायला वर्गातली चाळीस पोरं तयार होती, पण ते कसं कोण जाणे आशामतीच्या हातात गेलं. त्या दोघांनी सगळं शेत असं फिरून मोजलं, की काकासाहेबांना कुठे पाहावं कळेना. ते कपाशीकडे पाहत राहिले.

दुपारी हिशेब झाला. अकरा एकर.

"अकराच," बेबीनंदा म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता.

काकासाहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांना खोलीचं कुलूप दिसायला लागलं.

"सात-बाऱ्यावर वीस हाय," बद्रीनाथ म्हणाला. "पायाखाली अकरा. काका कागदावरचं बोलले. मी त्याच दिवशी सांगणार व्हतो, पण ठसका लागला."

"मंग आज का सांगितलं न्हाई आधी?" हे आशामतीने विचारलं. दिवसभरातलं तिचं पहिलं वाक्य.

"मोजायचं ऱ्हायलं असतं ना मंग."

आशामतीने कासऱ्याचं टोक गुंडाळलं. "दादा," ती वडिलांना म्हणाली, "अकरा पुरतेत. कबूल करणारा मानूस पयल्यांदाच आलाय. मागचा पाहुणा तर केस बी स्वतःचेच हायेत म्हणला व्हता."

काकासाहेब सरांना म्हणाले, "शनिवार चालू द्या. पण बैठक असली की बेबीनंदाला मी लांब शहागडला धाडत जाईन."

पोरांनी एवढा गलका केला की बैल बुजले. तेवढ्यात बेबीनंदाने विचारलं, "आजी, मंग बाकीची नऊ कुठं गेली?"

झुंबरबाई उठल्या. काठावर जाऊन उभ्या राहिल्या. खाली काठ सरळ कापल्यासारखा तुटला होता आणि पलीकडे गोदावरी शांत, रुंद पसरली होती.

"ही काय," त्या म्हणाल्या. "दर पुराला थोडी थोडी नेली. तिथं, ते पानी जरा काळं दिसतंय ना, तिथं माझं खळं व्हतं. त्याच्या उजव्या अंगाला लिंबाचं झाड. दोन पोरं त्याच्याखाली झोळीत वाढवली मी. इकडं गहू. इतका गहू, की कापणाऱ्याची टोपी दिसायची न्हाई."

सगळा वर्ग पाण्याकडे पाहत होता. पाण्यात काहीही दिसत नव्हतं. कुणी तरी संदर्भ विचारेल म्हणून सर थांबले. कुणी विचारलं नाही. बेबीनंदाने फक्त म्हटलं, "हिर कुठं व्हती, आजी?" आणि झुंबरबाईंनी हात आणखी थोडा डावीकडे नेला.

सोमवारी वर्गात वाद झाला. हे कुरणवाडीचं नवं पान करून त्यावर लिहायचं की नाही? कागद वीस म्हणतो, त्याला संदर्भ आहे, पण ते खरं नाही. झुंबरबाई सांगतात ते खरं आहे, पण त्याला संदर्भ नाही. अट सरांनीच घातली होती. सर म्हणाले, "जेवढं आपन बघितलं तेवढंच लिहा." म्हणून वाक्य असं झालं: 'गावाची काही जमीन नदीत गेली आहे. तिथे खळे, लिंब व विहीर होती, असे झुंबरबाईंनी काठावर उभे राहून सांगितले.'

तीन दिवसांनी कुठल्याशा दूरच्या संपादकाने ते काढलं. त्याने अदबीने लिहिलं होतं, की छापील संदर्भ मिळाल्यास जरूर भर घालावी.

"बराबर हाय त्याचं," सर म्हणाले. वर्गही म्हणाला, बराबर हाय. नियम तो नियम.

मग सर उठले आणि त्यांनी ते वाक्य फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, खडूने, वळणदार अक्षरात लिहिलं. त्याभोवती चौकट काढली. पुसू नका असं काही लिहिलं नाही.

पुढचा तास गणिताचा होता. गणिताचे सर आले, डस्टर घेऊन फळ्यापाशी गेले, कोपऱ्यात लिहिलेलं वाचलं. मग त्यांनी बाकीचा फळा पुसला आणि वर्गमूळ जरा उजवीकडून सुरू केलं.