बारावा वॉर्ड

“‘प्रिझर्व्ह’ कोणी खोडलं?” व्यंकोजीरावांनी विचारलं. आमचा टीम लीड उपेंद्र त्यांच्याच स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, “तुम्हीच. लॉगिन तुमचं आहे ना?”

शी! मी शेजारच्याच खुर्चीत होते. परवा व्यंकोजीराव जेवायला गेल्यावर हाच माणूस त्यांच्या जागेवर बसला, तो शब्द खोडला आणि शीळ घालत निघून गेला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

एन्नोरच्या एका इस्पितळाच्या प्रोग्रॅममध्ये आमचा एक तक्ता होता. आधी वॉर्ड, मग त्यातल्या खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या घरात तिथल्या रोग्याची औषधं. तक्ता वाढवताना आतलं टिकवायचं तर ‘प्रिझर्व्ह’ लिहावं लागतं. पण मग फक्त खाटा वाढतात, वॉर्ड वाढवायला गेलं की एरर. आणि इस्पितळाला बारावा वॉर्ड हवा होता. व्यंकोजीराव उपेंद्रला म्हणाले होते, “नवा मोठा तक्ता करू, जुनं एकेक घर उचलून त्यात ठेवू. दोन दिवस दे.”

बावन्न वर्षांचा, तंजावरी मराठी बोलणारा, कंत्राटावरचा माणूस. त्याला कोण दोन दिवस देतंय! उपेंद्रने शब्दच उडवला. एरर गेला, कसा ते न विचारता सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इस्पितळाने बारावा वॉर्ड उघडला आणि आधीच्या अकराही वॉर्डांची औषधं पुसली गेली. नर्सबायका खाटेखाटेपाशी जाऊन रोग्यांनाच विचारत फिरल्या, “तुम्हाला काय देत होतो हो?”

व्यंकोजीरावांना ठेवायचं की काढायचं, ते त्याच दुपारी ठरणार होतं. मॅनेजर सरोजिनी मॅडमनी मला आत बोलावलं.

“यामिनी, तू शेजारी बसतेस. कोणी केलं हे?”

उपेंद्र तिथेच बसला होता. माझ्याकडे बघून गोड हसला मेला. माझं अमेरिकेला जाणं त्याच्या सहीवर अडलं होतं.

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हणाले.

झालं. व्यंकोजीरावांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणून सांगितलं. मला वाटलं, तडक निघून जातील. पण ते जागेवर येऊन बसले आणि परवा अर्धवट राहिलेला नवा तक्ता पुरा करायला लागले. संध्याकाळी कंपनीची बस लागायच्या आधी त्यांनी मला हाक मारली.

“यामिनीअम्मा, एवढं बघ की गं. उद्या आमी नाही. रोग्यांचं परत पुसायला नको.”

मी बारावा वॉर्ड घातला, तेरावा घातला. एक औषध जागचं हललं नाही. फाइलच्या वर ‘लिहिणारे : व्यंकोजी’ असं होतं आणि त्याखाली ‘तपासणारे’पुढे जागा कोरी होती.

“तुझं नाव घाल. तू बघितलंस म्हणजे आमी निर्धास्त.”

मी नाव टाइप केलं. स्पेलिंग बरोबर आहे ना, तेही नीट पाहून घेतलं, याचीच आजही किळस येते.