कानांसाठी मांडलेलं पान

“उपाशीपोटीच घ्यायची असते ही,” आक्का ठासून म्हणाली. गोळी तिने केव्हाच गिळली होती. “तुमच्याच रुग्णालयाच्या वेबसाइटच्या पानावर आहे. फोनने वाचून दाखवलं मला.”

“ती दुसरी गोळी, आक्का,” धाकटी बहीण म्हणाली. “ही जेवणानंतरची.”

“मग तुमच्या पानाला सांग, नीट बोलत जा म्हणावं.”

दृष्टी गेल्यापासून आक्का धाकट्या बहिणीकडे राहत होती. धाकटी रुग्णालयाच्या वेबसाइटची पानं बांधायची आणि घरी आली की आक्काला काहीबाही वाचून दाखवायची. गोळ्या मात्र माझ्या मी घेणार, एवढा एकच हट्ट आक्काने सोडला नव्हता.

धाकटीने गोळ्यांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. “उद्यापासून मीच देईन.”

आक्का वाद न घालता भिंत चाचपत आत निघून गेली. बोलण्यात हार न जाणारी बाई ती. धाकटीला रात्रभर ते लागून राहिलं.

सकाळी ऑफिसात तिने डोळे मिटून ते पान ऐकलं. फोनने आधी सगळ्या औषधांची नावं एका दमात म्हटली, मग सगळ्यांची माहिती. पडद्यावर दोन रकाने शेजारीशेजारी होते. नजर आडवी नेली की नावाला माहिती मिळायची. कानाला कुठली आडवी वाट?

तिने पान आतून उसवलं. एक औषध, त्याची दोन्ही नावं, कंपनीचं आणि मूळ औषधाचं, लगेच खाली त्याचीच माहिती, आणि त्या सगळ्याभोवती पडद्यावर न दिसणारं, फक्त फोनला कळणारं एक कुंपण. मग पुढचं औषध, त्याचं कुंपण.

साहेब मागे येऊन उभे राहिले. “सकाळपासून खपते आहेस. पान तर होतं तस्संच दिसतंय.”

“दिसायला तसंच राहणार, साहेब.”

“मग केलंस काय?”

“ऐका.”

साहेबांनी आधी जुनं ऐकलं, मग नवं. कपाळावर आठी आली. “इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?”

“आपल्याला सगळ्यांना दिसतं ना.”

संध्याकाळी तिने डबा आक्काच्या हातात दिला आणि पान लावून दिलं. आक्का मान हलवत ऐकत राहिली. मग चाचपून बरोबर गोळी काढली आणि बाजूला ठेवली. “ही जेवल्यावर. आता बोलतंय शहाण्यासारखं. बाकीचीही पानं अशीच करणार का गं?”

“करतेय एकेक.”

“बघू तरी,” म्हणत आक्काने कानांत इअरफोन घातले.

धाकटीने सवयीने पेपर उघडला, पहिली बातमी मोठ्याने वाचायला घेतली. दोन ओळींनंतर तिने वर पाहिलं. आक्का आपल्याच नादात हसत होती.

उरलेली बातमी धाकटीने मनातच वाचली.