दोन खाचांची एसएसडी

वडशात नाटकांचा हंगाम तोंडावर आला होता आणि लहानूभाऊंचा लॅपटॉप बंद पडला. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एकच ओळ यायची. पूर्वी ते नाटकांचे पडदे हाताने रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर राजवाडे, जंगलं, तुरुंग तयार करायला शिकले. बायको गेल्यापासून घरात बोलणारं कोणी नव्हतं. मुलगी दिव्यानी हैदराबादला नोकरीला. तिचा फोन रविवारी यायचा, तोही जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढ्यावर संपायचा.

आठवड्याच्या मधल्याच वारी फोन लावताना त्यांना चोरट्यासारखं वाटलं.

"काऊन बाबा, बरं नाई का?"

"मी बरा हाय. तुहा लॅपटॉप मेला."

तिने त्या ओळीचा फोटो मागवला. संध्याकाळी तिचाच फोन आला. "आतली एसएसडी गेली, बाबा, सगळं साठवून ठेवते ते. मागचं झाकण खोला. पट्टीवानी दिसते ना, तेच."

पट्टी काढून त्यांनी उजेडात धरली. टोकाला दोन खाचा होत्या, तसं त्यांनी तिला सांगितलं.

"मंग दोन खाचांचीच आना. आता एक खाच असलेल्या येतात, त्या जास्त फास्ट असतात, पन आपल्या जुन्या लॅपटॉपमंधी बसत नाईत. लांबी बी तेवढीच पायजे."

दुसऱ्या दिवशी बाजारात फैजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गर्दी होती. त्याने घाईत दिलेली डबी भाऊंनी उघडूनही पाहिली नाही. घरी आल्यावर ती बसेना.

"जोर नोका लावू!" दिव्यानी फोनवर ओरडली. "खाचा मोजा."

"एकच हाय वो."

ती खळखळून हसली. तिचं असं हसणं भाऊंनी कितीतरी महिन्यांनी ऐकलं.

फैजने ती परत घेतली. दोन खाचांची नागपूरहून मागवतो म्हणाला. ती येईपर्यंत दिव्यानी रोज संध्याकाळी फोन करायला लागली. आली का पट्टी, इथून सुरुवात व्हायची. मग आईसारखी वांग्याची भाजी जमत नाही, खोलीतल्या दोघी सोडून गेल्या, आता एकटीच राहते, असं काय काय निघायचं. भाऊ फोन कानाशी धरून अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून राहायचे.

पट्टी आली. फैजने ती बसवली, लॅपटॉपमधले सगळे प्रोग्रॅम नव्याने भरून दिले. घरी येऊन भाऊंनी बटण दाबलं, तेवढ्यात फोन वाजला.

"झाला का चालू?"

समोर लॅपटॉप लखलखत होता. भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "नाई."

ती प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिली. पट्टी नीट बसली का, स्क्रू लावला का. भाऊ काहीबाही सांगत गेले. शेवटी ती म्हणाली, "शनिवारी मीच येतो. पायतो काय झालं ते."

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पोरगी खरंच सुट्टी काढून, गाडीत धक्के खात येईल. सकाळी त्यांनी फोन लावला.

"दिवू, लॅपटॉप चालू हाय. काल बी चालूच होता."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "तुमी फोन उचलला तवाच मागं त्याचा चालू व्हायचा सूर वाजला होता."

"मंग तू एवढं इचारत काऊन होतीस?"

"फोन ठेवावा वाटत नव्हता, बाबा." ती म्हणाली, "अन् शनिवारचं बी मी असंच म्हनलं. सुट्टी भेटत नाई."

"ठीक हाय. रविवारी बोलू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कामं सुरू झाली. एका नाटक कंपनीला जंगलाचा पडदा हवा होता, दुसरीला कोर्टाचा. संध्याकाळी ओट्यावर बसलं की फोनकडे नजर जायची. फोन गप्प असायचा. आता तिने तरी कशासाठी करावा?

बुधवारी भाऊंनी स्वतःच नंबर लावला.

"काय झालं बाबा? पुन्हा बंद पडला का?"

"नाई. काही काम नोयते. असाच लावला."

भाऊ फोन कानाशी धरून ओट्यावर टेकले. तिच्या बाजूला कुकरची शिट्टी वाजली, इकडून नागपूरकडची गाडी गेली. फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.