टेकडीवरचा ठिपका

रडारच्या पडद्यावर वाऱ्याला दोनच रंग असत: रडारकडे येणारा हिरवा, दूर जाणारा लाल. दोन्ही एकमेकांना बिलगले, की तिथे हवा स्वतःभोवती गिरकी घेते आहे, टोर्नॅडो जन्मू पाहतो आहे, असे समजायचे. टेकडीवर मात्र ते दररोजच बिलगलेले असत. तिथल्या पवनचक्क्यांची फिरती पाती रडारला चकवत. या पडद्यावर नजर ठेवणे हे त्याचे काम; नवखेपणी या चकव्याला भुलून त्याने अख्खे शहर तळघरांत बसवले होते. तेव्हापासून हवामान कचेरीत त्याचे नाव ‘वावटळराव’ पडले, आणि टेकडीवरून नजर अलगद पुढे सरकवायला तो शिकला.

त्या दुपारी ढग दाटले होते. खिडकीबाहेरचा रस्ता पाण्याखाली असल्यासारखा भासत होता. ताईचा फोन आला. ती बोलत राहिली, तो हुंकार देत राहिला. त्याच्याकडून शब्द काढण्यापेक्षा दगडाला पाझर फोडणे सोपे, हे तिचे ठरलेले वाक्यही येऊन गेले. भावोजी पवनचक्क्यांचे मेकॅनिक. दुरुस्तीसाठी सकाळपासून सगळ्या चक्क्या बंद आहेत आणि ते मधल्या मनोऱ्याच्या माथ्यावर चढले आहेत, असे तिने सहज सांगितले.

फोन ठेवून त्याने पडद्याकडे पाहिले. टेकडीवर लाल-हिरवा ठिपका तसाच होता. किती सुंदर, असे वाटून गेले. आणि मग तो खुर्चीत पुढे सरकला. पाती थांबली असतील, तर फिरते आहे ते काय?

“वावटळराव, पुन्हा टेकडी?” साहेब हसले.

“पाती बंद आहेत, साहेब.”

साहेबांचे हसू मावळले. इशाऱ्याचे भोंगे वाजेपर्यंत त्याने भावोजींना फोन लावला होता.

“अरे, इथं पानसुद्धा हलत नाही,” ते म्हणाले.

“उतरा. आत्ता. मी सांगतोय म्हणून उतरा.”

एवढे शब्द त्याने एका दमात कधी उच्चारले नव्हते. बहुधा म्हणूनच भावोजींनी वाद घातला नाही. मनोऱ्याच्या आतल्या शिडीने खाली यायला दहा मिनिटे लागत. रडार दर पाच मिनिटांनी नवे चित्र काढी. पहिल्या चित्रात ठिपका गडद झाला, दुसऱ्यात अधिकच; तिसऱ्यात तो टेकडी ओलांडून रिकाम्या माळावर गेलेला होता. माणसे रडारवर उमटत नाहीत.

फोन वाजला. मनोऱ्याशेजारच्या काँक्रीटच्या खोलीतून भावोजी बोलत होते.

“वर माझी हत्यारांची पेटी राहिली रे.”

“राहू द्या. मग आणू.”

“कुठून आणणार? वर असं काही उरलंच नाही, मनोराच गेला.”

फोन कानाशी धरून तो नुसता त्यांचा श्वास ऐकत बसला.