ऐकलंय मी हे

ताईला गाणी सापडायची. तुम्हाआम्हाला सापडतात तशी नव्हे, की दुकानात काहीतरी वाजलं, कानावर पडलं, आवडलं आणि विसरलो. ती हात धुऊन मागे लागायची. चष्म्याच्या काचा घासायच्या वर्कशॉपमध्ये तिची नोकरी. दिवसभर मशीनची घरघर, म्हणून कानावर मोठे हेडफोन, आणि हेडफोनमध्ये असले गिटारवाले बँड की त्यांच्या शेजाऱ्यांनाही त्यांचा पत्ता नसावा. कुणी गॅरेजमध्ये बसून गाणी केलेली, कुणी एकच अल्बम काढून मुकाट्याने नोकरीला लागलेले. ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही त्यांचं गाणं सगळ्यांच्या आधी आपल्याला सापडावं, यात तिला काय सुख होतं ते तीच जाणे.

ते सुख वाटून घ्यायला होता बारक्या, तिचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करणारा चांगला ताडमाड गडी, पण ताईसाठी बारक्याच. तो शाळेत होता तेव्हापासून शनिवारी दुपारची जेवणं झाली की ताई त्याला एक नवं गाणं ऐकवायची. रीत ठरलेली होती. बँडचं नाव आधी सांगायचं नाही, गाणं संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, आणि संपलं की ऐकणाऱ्याने निकाल द्यायचा: ठेव, नाहीतर टाक. नाव त्यानंतर. नावाला भुलून कुणी उगाच माना डोलवू नयेत म्हणून ही सोय, आणि ती ताईनेच काढलेली. बारक्या मित्रांना सांगायचा, "माझ्या ताईचा कान म्हणजे कान आहे. तोंडदेखलं चांगलं म्हणणार नाही कुणाला." ताई वरवर "पुरे रे" म्हणायची आणि आतून फुलायची.

मग बारक्याचं लग्न झालं.

भावजय पोहायला शिकवायची. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून ताईने मनातल्या मनात तिचं नावच शिट्टी ठेवलं. पोरगी हसतमुख, कामसू, ताईला 'तुम्ही' म्हणणारी. तेच तर वाईट होतं ना! नावं ठेवायला जागाच सोडली नव्हती बयेने. लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी ती म्हणाली, "ताई, आज मी एक ऐकवू?"

"ऐकव की," ताई म्हणाली. बघूया काय दिवे लावतेस ते, असं मनात.

लावले की दिवे तिने! दोन गिटार, एक बोलायला लागली की दुसरी मध्येच तोंड घालणारी, खाली पळता ड्रम, आणि कपडे वाळत घालता घालता गावं तशी सहज गाणारी कुणी बाई. हा बँड ताईच्या स्वप्नातही आला नव्हता. आणि बारक्या? इतकी वर्षं तो ज्या नजरेने ताईकडे बघायचा, त्याच नजरेने बायकोकडे बघत होता. 

"ठेव," ताई म्हणाली. आणि पुढचं तोंडातून कसं निसटलं देव जाणे. "ऐकलंय मी हे. जुनं आहे."

बारक्या खूश. "बघ! तुला म्हटलं नव्हतं? ताईला माहीत नाही असं काही नसतंच."

एकदा खपलं की माणूस थांबतं होय? पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. शिट्टीने काहीही काढावं आणि ताईने हात झटकावेत, "हो हो, ऐकलंय." नुसतं तेवढ्यावर भागेना, तेव्हा ती वर मीठमसालाही घालायला लागली. यांचा ड्रमवाला पुढे सोडून गेला, यांचं पहिलं रेकॉर्डिंग याहून बरं होतं, असलं काहीबाही. शिट्टी बिचारी डोळे मोठे करून ऐकायची. ताई घरी जाऊन त्याच बँडची सगळी गाणी एका दमात ऐकायची आणि जळफळत झोपायची.

वर्कशॉपमध्ये तिने आता इरेला पेटून शोध चालवला. सगळ्यांत कमी लोकांनी ऐकलेलं गाणं कुठलं, तेवढंच बघायचं. शेवटी गवसला एक बँड. शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये गाणी रेकॉर्ड केलेल्या चार मैत्रिणी, आणि गिटार अशी की अंगातून वीज जावी. शनिवारपर्यंत कुठला धीर धरवायला! तिने लगेच बारक्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "अगं हे तर भारीच आहे! हिने परवाच ऐकवलं." त्या दिवशी ताईने कुणाच्या तरी चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली आणि मालकाची बोलणी खाल्ली.

तर अशा तिळपापड झालेल्या अवस्थेत ती त्या शनिवारी भावाकडे गेली. जेवणं झाली. शिट्टी फोनकडे हात नेणार तोच बारक्या म्हणाला, "थांब. आज मी ऐकवतो."

आता हे नवीनच. बारक्या जन्मभर ऐकणारा, ऐकवणारा कधी नव्हताच. ताईला वाटलं, कळली हो चलाखी. गाणं हिचंच, फक्त वाजवायला भावाला पुढे केलंय, म्हणजे नणंदेला नाही म्हणता येऊ नये. तिने ओठ घट्ट मिटले आणि खुर्चीत ताठ बसली. बारक्याने स्पीकर लावला आणि खाली जमिनीवर बसून तळहात गुडघ्यांवर घासायला लागला.

आधी एकटी गिटार आली, स्वच्छ, घाई नसलेली. मग दुसरी, जरा उशिरा, जिने चढून धापा टाकत आल्यासारखी. मग आवाज. कुणीतरी पुरुष अगदी खालच्या पट्टीत गात होता, एकावर एक असे दोन आवाज करून, आणि सगळ्याभोवती उंच, रिकाम्या जागेचा घुमारा. ताईच्या हातावर सरसरून काटा आला. कितीतरी महिन्यांत आला नव्हता. असं गाणं आपण आयुष्यभर शोधतोय, हे तिला पहिल्या कडव्यातच कळलं. आणि ते सापडलं कुणाला, तर हिला! जीव नुसता जळून गेला तिचा. आवाज कुणाचा आहे इकडे लक्ष द्यायला तिचे कान जागेवर होतेच कुठे!

गाणं संपलं. बारक्याने विचारलं, "काय मग?"

"टाक," ताई म्हणाली.

बारक्याचे तळहात गुडघ्यांवरच थांबले.

"ऐकलंय मी हे. दोन-तीन वर्षं झाली असतील."

"ऐकलंयस?" बारक्याचा आवाज एकदम बारीक झाला. "कुठे?"

"अरे, बंदरावरच्या पोरांचा बँड होता एक. दोन गाणी केली आणि फुटला. फुटणारच! गिटार बरी आहे, पण गाणारा कच्चा. आणि तो घुमारा खोटा आहे, मशीनवरचा. आवाज झाकायला घालतात."

"हो का," बारक्या म्हणाला. त्याने स्पीकरची वायर काढली, नीट गुंडाळली आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

ताई जिंकल्याच्या तोऱ्यात कप उचलून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग शिट्टी आली. आज चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ताई, ते गाणं मागच्या महिन्यात तयार झालंय."

"काहीतरीच काय."

"ह्याचं आहे ते. हाच गातोय, दोन्ही गिटार ह्याच्याच. वर्षभर काम सुटल्यावर करत होता. नव्या इमारतीत लिफ्ट बसायच्या आधी त्या उभ्या पोकळीत माइक सोडून आवाज घेतलाय त्याने. मशीनवरचा नाही तो." तिने बाल्कनीकडे एकदा पाहिलं. "मी म्हणत होते, कुठेतरी पाठवूया. तर म्हणे, आधी ताई. पण तिला सांगू नकोस, नाहीतर भाऊ म्हणून चांगलं म्हणेल. नाव न कळता ती ठेव म्हणाली, तरच ते खरं."

ताईच्या हातातला कप ओट्यावर आपटला. फुटला नाही, पण ती मात्र पार तोंडावर आपटली होती. म्हणजे तिचं 'ऐकलंय मी हे' कानावर पडताच बारक्याला सगळं कळलं होतं. आजचंच नव्हे, मागच्या सगळ्या शनिवारांचं. बंदरावरची पोरं आणि फुटलेला बँड त्याने निमूट ऐकून घेतला होता, बायकोसमोर बहिणीची लाज राखायला.

ती तशीच बाल्कनीत गेली. शिट्टी मागे दारात आली, तरी ताई थांबली नाही. आता कसली लाज.

"बारक्या, मी खोटं बोलले. कधीच ऐकलं नव्हतं मी ते. हिला सापडलंय असं वाटलं म्हणून जळले. आधीही जळतच होते." तिने त्याचा दंड धरला. "अरे, पहिल्या कडव्यालाच अंगावर काटा आला. ती दुसरी गिटार उशिरा येते ना, ती तशीच ठेव, कुणी काही सांगितलं तरी हलवू नकोस. आणि शेवटी आवाज एकटाच उरतो तिथे..."

ती बोलत राहिली. प्रत्येक शब्द खरा होता. इतकं खरं तिने कुठल्याही गाण्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. बारक्या मान हलवत होता, पोराच्या चित्राचं कौतुक करणारी आत्या भेटल्यावर माणूस हलवतो तशी.

"जाऊ दे गं ताई," तो अगदी मायेने म्हणाला. "मला राग नाही आला. पण आता तू छानच म्हणणार ना."

"आईशप्पथ, बारक्या!"

"हो गं. थँक्यू." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. मग तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत विचारलं, "तू सांग. गाणारा कच्चा आहे?"

शिट्टीने ताईकडे एकदा पाहिलं. "दुसऱ्या कडव्यात जरा घसरतोस," ती म्हणाली. "बाकी नाही."

"तिथेच ना? मलाही वाटलंच होतं!" बारक्याचा चेहरा उजळला. तो आत गेला, कपाटामागून गिटार काढली आणि पलंगावर बसून ते कडवं पुन्हा गायला लागला. शिट्टी समोर बसली. "इथे," ती म्हणाली, "इथे बघ." ताईने दाराशी चपला घातल्या आणि ती जिना उतरायला लागली. खालच्या मजल्यापर्यंत तिला ऐकू येत होतं. आता घसरत नव्हता तो.