काठाखालची तार

फेब्रुवारीत लुसिंदाने आपल्या भावाचं जाड जाकीट धुवायला काढलं, खिसे चाचपले आणि तार आवळायचा एक पितळी चाप ओट्यावर टाकला.

"बघ, अदेलिनोच्या खिशात काय काय सापडतं. मशीनमध्ये गेलं असतं म्हणजे?"

तिचा नवरा हर्मिनियो कॉफी पीत होता. त्याने चाप पाहिला आणि कप खाली ठेवला. एवढासा चाप, बोटाच्या पेराएवढा. पण तो ज्या जागी असायला हवा होता ती जागा त्याला डोळे मिटूनही सांगता आली असती. तो मिसेस हुकस्ट्राच्या पोहण्याच्या तलावाच्या काठाखाली, शिडीच्या पायथ्याशी, वीतभर काँक्रीटच्या आत असायला हवा होता.

तलावाच्या कामात एक उघडी तांब्याची तार असते. शिडीचे दांडे, पाण्यातला दिवा, पंप, काँक्रीटमधल्या सळ्या, जे जे म्हणून धातूचं आहे ते सगळं त्या एका तारेला बांधायचं. मग कुठे वीज झिरपलीच तर ती सगळीकडे सारखी पसरते आणि मधल्या माणसाला काही होत नाही. तार जोडलेली आहे हे कुणाला कळत नाही. सुटलेली असली तरी कळत नाही, जोवर दुसरं काही बिघडत नाही. दुसरं काही बिघडलं की ते पाण्यातल्या माणसाला कळतं.

काम ऑक्टोबरातलं. ट्रूस हुकस्ट्रा ही डच म्हातारी, नवऱ्यामागे एकटी राहणारी. तिच्या तलावाचा जुना काठ कुणा शहाण्याने थेट चिकणमातीवर ओतला होता. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या थंडीत अशी माती पाणी पिऊन गोठते, फुगते आणि वरची लादी उचलून धरते. उन्हाळ्यात खाली बसते, पण होती तिथे बसत नाही. अशाच एका उचललेल्या कडेला ठेच लागून म्हातारी पडली होती आणि खुब्याचं हाड मोडून बसली होती. हर्मिनियोने जुना काठ फोडला, माती उपसली, खडी भरून ठोकली, पाणी तलावापासून लांब जाईल असा उतार दिला. फोडताना यंत्राने जुनी तार तुटली, म्हणून नवी फिरवली. शिडीपाशी शेवटचा सांधा तेवढा उरला होता.

काँक्रीट ओतण्याआधी तार पाहायला सरकारी तपासनीस सोमवारी येणार होता. थंडी रविवारीच येणार होती. पहिल्याच रात्री गोठलेल्या काँक्रीटचे वसंतात पापुद्रे सुटतात, हे तिथल्या कुठल्याही गवंड्याला विचारा. त्यानंतर थेट पुढच्या वर्षीच काम. हर्मिनियोने शनिवारी मिक्सरची गाडी बोलावली आणि म्हातारीला सांगून टाकलं, "सगळं तपासून झालंय."

आणि मग पदक. पोर्तुगालच्या साव मिगेल बेटावरून आलेला त्याचा बाप प्रत्येक कामात पहिल्या घमेल्याबरोबर सांतो क्रिश्तोचं, म्हणजे ख्रिस्ताचं, एक पदक टाकायचा. सगळ्यांनी टोप्या काढायच्या, क्षणभर गप्प उभं राहायचं, मग ओतायचं. हर्मिनियोने ते कधी चुकवलं नव्हतं. त्या दिवशीही गाडी फाटकात घुरघुरत होती, ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता, आणि हर्मिनियो ओरडला होता, "अदेलिनो, ऊठ, टोपी काढ." अदेलिनो शिडीपाशी उकिडवा बसला होता. तो उठला. हातातलं काहीतरी त्याने खिशात टाकलं आणि टोपी काढली.

हे सगळं हर्मिनियोला ओट्याशी उभ्या उभ्या आठवलं. त्याने फोन उचलला.

अदेलिनो दर हिवाळ्यात बेटावर जायचा. फोन लागला तेव्हा मागे गाई हंबरत होत्या.

"दाजी, धार काढायची थांबवून मी फोन घेतला, आणि तुम्ही मला चाप विचारताय?"

"तार बांधलीस की नाही?"

"बांधलीच असणार."

"असणार?"

"मी बांधली नाही असं कधी झालंय का? सांगा ना."

"मग हा चाप कुठला?"

"माझ्या खिशात दोन-चार पडलेले असतातच. बाईच्या पर्समध्ये पिना असतात तशा."

"एकच निघाला, अदेलिनो."

पलीकडे गाय हंबरली.

"जाऊन सांग तिला," लुसिंदा म्हणाली.

"काय सांगू? आत्ता तिथे मांडीभर बर्फ आहे. शिडी काढून शेडमध्ये ठेवलीय. तिच्या खोबणीत बर्फ घट्ट झालाय, वीज तपासायचा मीटर तरी कशाला लावू?"

"मीटर नको लावूस. तोंड उघड."

"मेमध्ये जातो. मेच्या आधी कोण तलाव उघडतंय?"

"तुला तिची भीती वाटतेय की तपासनिसाची?"

त्याला दोन्हींची भीती होती. म्हातारी मरेल ही एक, आणि लोकांना कळेल ही दुसरी. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहणारे, हातातून जाणारं काम, बापाचं नाव. यातली दुसरी भीती मोठी होती. ते त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असल्याची लाज तिसरी.

त्या हिवाळ्यात बर्फ पडला की त्याला बरं वाटायचं. गावातली सगळी माणसं फावडी घेऊन कुरकुरत असताना हा खिडकीत उभा राहून ढगांना मनातल्या मनात म्हणायचा, अजून पाडा. कामावर जाताना तो वाट वाकडी करून हुकस्ट्राच्या घरावरून जायचा. कुंपणापलीकडे पांढरा उंचवटा दिसला की त्याचा श्वास मोकळा व्हायचा. मार्चमध्ये पागोळ्यांतून पहिलं पाणी ठिबकलं तेव्हा शेजारी खुर्च्या बाहेर टाकून बसले, बीअर उघडली. हर्मिनियोला त्या थेंबांचा आवाज ऐकवेना. त्याने टीव्ही मोठा केला.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तो ट्रकमध्ये बसून पाव खात होता, तेव्हा फोन वाजला.

"हर्मिनियो? ट्रूस बोलतेय. आनंदाची बातमी. तलाव उघडला."

पाव त्याच्या तोंडात तसाच राहिला.

"तुम्ही मेमध्ये उघडता ना?"

"डॉक्टर म्हणाला, पोहलीस तर चालशील. मग मेची वाट कशाला बघू? हीटर लावलाय, पाणी छान कोमट आहे. आणि काठ काय सुंदर राहिलाय रे. एवढ्या थंडीत एक पापुद्रा सुटला नाही. मी सगळ्यांना तुझंच नाव सांगते." ती हसली. "एक गंमत सांगते. काल पाण्यातून शिडीचा दांडा धरला तर हाताला मुंग्या आल्या. माझी मैत्रीण ग्रीत म्हणते, तुझं वय झालं, तुला आता कुठेही मुंग्या येणार."

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"स्वयंपाकघरात. खिडकीतून ग्रीतला बघतेय. तासभर झाला, बाईसाहेब पाण्यातच आहेत."

आपला आवाज शांत राहावा म्हणून हर्मिनियोने मोकळ्या हाताने स्टिअरिंग आवळलं.

"मिसेस हुकस्ट्रा, नीट ऐका. खिडकी उघडून तिला सांगा, पाण्यात मध्यभागीच थांब, कशालाही हात लावू नकोस."

"खिडकी कशी उघडू? थंडीची दुसरी काच अजून काढली नाहीये. काय झालं?"

"मेन स्विच कुठे आहे?"

"तळघरात. मी दारात जाऊन तिला हाक मारू का?"

दार की तळघर. दारातून हाक मारली तर ग्रीत ऐकेल, "काय गं?" म्हणत शिडीकडेच येईल. पाण्यातून बाहेर यायला माणूस शिडीकडेच येतो. काठीवर चालणारी म्हातारी दार करून मग तळघर करेल, तोवर...

"तळघर. आधी मेन स्विच पाडा. तलावाकडे जाऊ नका, पाण्याला हात लावू नका. फोन ठेवू नका, तसाच सोडा."

"मला भीती वाटायला लागली, हर्मिनियो."

"जा."

भिंतीवरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर वायरीला लोंबकळून भिंतीवर आपटला. मग काठी. टक. पाय. टक. पाय. मागे स्वयंपाकघरातला रेडिओ चालू होता, कुणीतरी संथपणे ऑर्गन वाजवत होतं. तळघराचं दार करकरलं. मोडलेल्या खुब्याने जिना उतरणारी बाई किती हळू उतरते हे हर्मिनियोला माहीत होतं. ऑक्टोबरात तिने ओल्या काँक्रीटवरच्या फळीवरून त्यांना सूप आणून दिलं होतं, आणि ते यायच्या आत गार झालं होतं.

आता काठीचा आवाजही ऐकू येईना. नुसता ऑर्गन.

तो रेडिओ बंद व्हावा एवढंच त्याला हवं होतं. रेडिओ बंद झाला म्हणजे वीज गेली. त्याने ग्रीतला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा हात त्याला दिसत होता, ओला, सुरकुतलेला, चकचकीत दांड्याकडे येणारा. पोहून दमलेल्या माणसाचा हात आधार शोधतो. तो दांडा त्याने स्वतः पुसून, ओळंब्यात धरून बसवला होता. सांतो क्रिश्तो, ते बंद कर, तो पुटपुटला. ऑर्गनचा एक तुकडा संपला. कुणीतरी दोन शब्द बोललं. दुसरा तुकडा सुरू झाला.

मधेच रेडिओ थांबला.

ट्रकमध्येही काही आवाज राहिला नाही. फोन कानाशी इतका दाबलेला होता की कान दुखत होता. काहीच ऐकू येत नव्हतं, ना काठी, ना पाय. मग कुठलंतरी दार उघडल्याचा आवाज आला आणि एक खणखणीत बायकी आवाज म्हणाला, "ट्रूस, वीज गेली का गं? पंपही बंद पडलाय."

हर्मिनियोने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि रडला.

तो पोचला तेव्हा दोघी जाड टॉवेल गुंडाळून काठापासून लांब, गवतात बसल्या होत्या. ट्रूस उठली नाही.

"तू म्हणाला होतास, तपासून झालंय."

"तपासलं नव्हतं. थंडी येत होती, म्हणून ओतलं."

"आणि हिवाळाभर?"

"फेब्रुवारीत कळलं. म्हणजे संशय आला."

"फेब्रुवारीत," ती म्हणाली. ग्रीत आपल्या तळहाताकडे बघत बसली होती.

वीज बंद होती, म्हणून त्याने घण आणि छिन्नी घेतली. झाडू फिरवून काढलेल्या त्या सरळ, बारीक रेघा, ज्या तो काम झाल्यावर स्वतःच पाहत राहिला होता, त्यांच्यावर त्याने पहिला घाव घातला. काँक्रीट चांगलं होतं. फुटता फुटेना. घाम नाकावरून खाली टपकायला लागला तेव्हा कुठे एक मोठा तुकडा सुटला. आत तांब्याची तार होती. तिचं टोक शिडीच्या पायाशी येऊन कशालाच न शिवता थांबलं होतं. आणि तिथून चार बोटांवर, काँक्रीटमध्ये रुतलेलं, पदक.

म्हातारी काठी टेकत मागे येऊन उभी होती. तिने वाकून पदक पाहिलं.

"हे नाही विसरलास," ती म्हणाली.

त्याने तपासनिसाला स्वतः फोन केला. तपासनीस आला, खड्ड्यात वाकून पाहिलं, हर्मिनियोकडे पाहिलं आणि जे लिहायचं ते लिहिलं. त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं, चर्चच्या पायऱ्यांवरही झालं. बेटावरून परतलेल्या अदेलिनोने तार बांधली. बांधून तो सवयीने टोपी काढायला लागला, तेव्हा हर्मिनियो म्हणाला, "टोपी राहू दे. आधी तार ओढून दाखव." पाण्यातला दिवा फुटका निघाला होता, वीज तिथूनच झिरपत होती. वीजवाल्याने तो बदलला, सगळीकडे मीटर लावला आणि म्हणाला, "आता खुशाल पोहा."

"आधी हा उतरेल," ट्रूस म्हणाली.

"मला पोहता येत नाही, मिसेस हुकस्ट्रा."

"बेटावरचा ना तू? उभं राहता येतं ना, तेवढं पुरे. मी स्विच लावून येते."

हर्मिनियोने बूट काढले आणि शिडीच्या बाजूने नव्हे, उथळ बाजूने पायऱ्यांवरून पाण्यात गेला. विजार पायांना चिकटली. पाणी छातीला लागेपर्यंत तो भिंतीच्या कडेने शिडीजवळ सरकला आणि थांबला. अदेलिनो काठावर उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक. आत कुठेतरी रेडिओ सुरू झाला. पाण्याखाली नवा दिवा लागला.

तार अदेलिनोने ओढून दाखवली होती. मीटर त्याच्यासमोर लागला होता. सगळं माहीत असून त्याचा हात वर येईना. दांडा समोर चमकत होता, आणि त्या सकाळी ट्रकमध्ये ज्या हाताचा विचार त्याने केला होता, तो आता त्याचाच होता.

दार उघडलं. काठीचा आवाज काठापर्यंत आला.

"धर," ट्रूस म्हणाली.

त्याने डोळे मिटले आणि दांडा धरला. गार होता. बस, गार.

"मुंग्या?"

"नाहीत."

"खरं सांग. तपासून झालंय, हेही तूच सांगितलं होतंस."

"नाहीत, मिसेस हुकस्ट्रा."

तिने काठी अदेलिनोच्या हातात दिली. मग वळून, मोडलेला पाय आधी, ती शिडीच्या पहिल्या पायरीवर आली. तिचे हात थरथरत होते. ते थरथरणं त्याला दांड्यातून हाताला कळत होतं.

"सोडू नकोस," ती म्हणाली. "मी खाली येईपर्यंत तूही धरून राहायचंस."