व्हरांड्यातली लुळी काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. नेमकी कसल्या कामाची, ते मात्र इतक्यात मला विचारू नका. माझ्या मुठीजवळ ते कधीकाळी छापलेलं होतं म्हणे, पण हातांच्या घामाने अक्षरं पुसली गेली आणि मला स्वतःला वाचता येत नाही.

आमच्या अलाबामातल्या तळ्यावर बास मासा धरायला एकच काठी नेणारा माणूस विरळाच. पाणगवताच्या गच्च जाळ्यात रबरी अळी सोडायची तर जाड, ताठ काठी लागते. गवतावरून रबरी बेडूक नाचवायचा तर त्याहून ताठ. निवळ पाण्यात बारीक दोऱ्याने खेळायचं तर हलकी, नाजूक टोकाची. होडीच्या फळीवर या सगळ्याजणी शेजारी शेजारी पडलेल्या असतात आणि प्रत्येकीला आपलं काम ठाऊक असतं. मी जुन्या पद्धतीची, फायबरची. जरा ओढ बसली की टोक सोडून थेट पोटातूनच वाकते. हा माझा गुण की आजार, याचा उलगडा मला कितीतरी वर्षं झाला नाही.

माझे पहिले मालक आन्सेलबाबा. ते देवदाराच्या लाकडाचे छोटे मासे कोरत आणि त्यांच्या पोटाखाली तीन तोंडांचे बारके गळ लावत. तो लाकडी मासा लांब फेकायचा आणि रीळ फिरवून दोरा गुंडाळत बसायचं, एवढंच त्यांचं काम. खरा मासा लागला तरी ते आपले फिरवतच राहत. शेजारच्या होडीतली माणसं मात्र मासा लागला की लाकूड फोडल्यासारखा हिसका मारत. मला त्यांच्या काठ्यांचा हेवा वाटायचा. आपले बाबा आळशी आहेत आणि त्यांच्या संगतीने आपणही आळशी झालो, अशी माझी समजूत होती. मासे घरी कसे काय येत होते, हे मला कोडंच होतं.

बाबा गेले आणि मी त्यांच्या जावयाकडे आले. जावई हॉलिस टिडमोर, लाकडाच्या गिरणीत ओंडके उचलणारा धिप्पाड गडी. त्याचा हिसका सगळ्या तळ्यावर प्रसिद्ध होता. त्याने मला आल्या आल्या पाणगवतात घातलं. मासा लागला, हॉलिसने हिसका मारला, आणि तो सगळा जोर माझ्या पोटातच जिरला. गळ माशाच्या टणक तोंडात रुतलाच नाही. मग त्याने बेडूक लावून पाहिला. तीच गत. मग बारीक दोरा लावला, तर मासा येऊन चाखून गेला तरी मला पत्ता नाही.

"ही काठी आहे की उकडलेली शेवई?" हॉलिस वैतागला. "लुळी आहे नुसती."

त्याचा चुलत मेहुणा क्लिऑन पोट धरून हसला. मला फार लाज वाटली. मी मन लावून काम केलं होतं, तरी प्रत्येक ठिकाणी मीच चुकले होते.

हॉलिसने मला परसात भिरकावलं. त्याची बायको ओझेला हिने मला उचललं, टोकाला फडकं बांधलं आणि व्हरांड्यातली कोळ्याची जाळी काढायला ठेवून घेतलं. "लांबी अगदी हवी तेवढी आहे," असं ती एकदा म्हणाली. माझी एवढीच काय ती स्तुती झाली. पण म्हणजे मी झाडू होते का? झाडू असेन, तर माझ्या अंगावर दोरा ओवायच्या या कड्या कशाला?

मग एका वसंतात हॉलिसला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून परतल्यावर तो व्हरांड्यात माझ्याशेजारच्या खुर्चीत बसू लागला. डावा हात लुळा पडला, असं ओझेला कुणाला तरी फोनवर सांगत होती. तो शब्द तर माझा होता! मला बरं वाटायला हवं होतं की वाईट, मला कळेना. वाईट वाटलं, एवढं खरं.

एके दिवशी क्लिऑन मक्याची गरम भाकर घेऊन आला, तेव्हा हॉलिस म्हणाला, "माझी होडी कायमची घेऊन जा तू."

"मला काही घाई नाही रे."

"मला आहे. रोज खिडकीतून दिसते मेली."

ओझेला आतून बाहेर आली. "शनिवारी एकदा जाऊ. एक मासा तू स्वतः काढलास तर होडी इथेच राहील. नाही निघाला, तर मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि हाताचं काय?"

"हात घेऊनच ये," ती म्हणाली.

शनिवारी तिघंही होडीत होते. निघताना ओझेलाने मला फळीखाली का सरकवलं, ते मला कळलं नव्हतं. हॉलिसने उजव्या हाताने आपल्या आवडत्या ताठ काठीने गळ फेकला आणि काठी डाव्या काखेत दाबून धरली. मासा आला. हिसका मारायला दोन हात हवे होते. त्याने सगळं अंग वळवलं, पण तोवर दोरा सैल पडला होता. दुसराही मासा तसाच गेला. क्लिऑन उगाच लांबच्या किनाऱ्याकडे बघत राहिला.

"बस झालं," हॉलिस म्हणाला. "फिरव होडी."

तेव्हा ओझेलाने मला बाहेर काढलं. माझ्या टोकाला अजून जाळ्याचा धागा चिकटलेला होता.

"ताई, इथे कुठे जाळी लागली?" क्लिऑन म्हणाला.

"तुझ्या डोक्यात," म्हणत तिने माझ्यावर रीळ चढवलं आणि पिशवीतून आन्सेलबाबांचा लाकडी मासा काढून बांधला. "हॉलिस, हा फेक आणि नुसतं गुंडाळत राहा. हिसका मारायचा नाही."

"हिसक्याशिवाय मासा अडकेल कसा?"

"आपसूक. हे गळ बारके आहेत. हिसका दिलास तर ओठ फाडून निघतात. काठी वाकते, तेवढ्यात मासा नीट तोंडात घेतो. बाबा असंच धरायचे."

"आणि हे इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू तर काठीच फेकून दिलीस."

हॉलिसने लाकडी मासा लांब फेकला. त्याने मला काखेत धरलं आणि तो दोरा गुंडाळायला लागला. पाण्याखालच्या दगडांवर लाकडी मासा ठेचकाळत येत होता, आणि एकाएकी तो जड झाला. मी मुठीपर्यंत वाकले. जन्मभराची सवय म्हणून हॉलिस हिसका मारायला गेला, पण त्याचा हात वर आला नाही. हात वर आला नाही, म्हणूनच मासा राहिला.

मासा होडीखाली घुसला, मी वाकले. त्याने उसळी मारली, मी सैल पडून पुन्हा वाकले. क्लिऑनने जाळीची टोपली पुढे केली. मासा वर आला तेव्हा हॉलिसने त्याला मांडीवर धरलं, पाहिलं आणि पाण्यात सोडून दिलं. आमच्याकडे आता तसंच करतात.

"मग सोमवारी येऊ ना होडी न्यायला?" क्लिऑनने विचारलं.

"ये," हॉलिस नाक ओढत म्हणाला. "मागे बसायला."

मित्रांनो, एखादी वस्तू तुमच्या हाताला जमली नाही, तर तिला नावं ठेवण्याआधी तिच्या जुन्या माणसाला दोन शब्द विचारा. आणि काम झाल्यावर तिला पुसून ठेवा. माझं मागणं एवढंच आहे.

त्या संध्याकाळी हॉलिस मला व्हरांड्यात पुसत बसला होता. त्याने आपला लुळा हात उचलून माझ्या मुठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने एकेक कडी पुसली. मी नेमकी कसली काठी, ते आता मला कळलं आहे: बिनहिसक्याने लाकडी मासा ओढायची. पण त्या वेळी त्याने मला धरलं होतं की मी त्याला, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही.